अर्ध्या शटरचं भोपाळ

भोपाळला जाऊन आले म्हटलं की आमच्या इचलकरंजीत पहिला प्रश्न येतो, "तलाव पाहिला का?" पाहिला बाई, पाहिला. मोठा आहे, सुंदर आहे, संध्याकाळी त्याच्या काठाला बसलं की उठावंसं वाटत नाही. पण मला विचाराल तर मी भोपाळात सगळ्यात जास्त काय पाहिलं? शटरं! बंद शटरं, उघडी शटरं, आणि शेवटी ज्यावर माझ्या भाचीचं सगळं नशीब येऊन अडकलं होतं ते अर्धं शटर. आता यात प्रवासवर्णन लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. वाचा तर खरं.

अयोध्या नगर

माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन भोपाळला गेली ती तिथलीच झाली. दाजी तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. अक्का वारून आता बरीच वर्षं झाली. दाजी रिटायर होऊन अयोध्या नगरात स्वतःच्या घरात राहतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची एकुलती एक लेक, वृंदा. या वृंदानं फोन केला, "मावशी, तू येऊन जा ना. मी खूप परेशान आहे."

तिचं मराठी असंच. आंघोळीला 'नहाऊन घेते' म्हणते आणि गर्दीला 'भीड'. दाजी घरात अगदी सदाशिव पेठेत शोभेल असं मराठी बोलतात, आणि ही पोरगी वरणाला फोडणी देता देता हिंदीत शिरते. पहिले दोन दिवस मी टोकलं, तिसऱ्या दिवशी मीच तिला म्हणाले, "अगं, ते टमाटर काटून ठेव." घ्या!

मला बोलवायचं कारण होतं. आमचं ट्रान्सपोर्टचं घर. मी लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या बुकिंग ऑफिसात बसले, कापडाच्या गाठी ट्रकवर चढवून घेण्यात माझे केस पांढरे झाले. आणि वृंदानं नोकरी सोडून नेमका तोच धंदा काढला होता. घराला लागून एक पत्र्याची शेड, तीन बॅटरीवर चालणारे लोडर, म्हणजे लहान मालटेम्पो, आणि तीन ड्रायव्हर. मोठ्या ट्रकना दिवसा शहरात बंदी. तेव्हा बाहेरगावचा माल संध्याकाळी हिच्या शेडमध्ये उतरवायचा, दुकानवार लावायचा आणि पहाटे एका फेरीत अख्ख्या बाजाराला पोचवून मोकळं व्हायचं.

"आत्ता काय होतं?" मी विचारलं.

"आत्ता प्रत्येक दुकानदार आपला वेगळा लोडर मागवतो. सगळे अकराला येतात. जवाहर चौकात पाय ठेवायला जागा नसते मावशी. गिऱ्हाईक बाहेरूनच परत जातं."

जवाहर चौकातल्या एका गल्लीनं तिला आठवडाभर करून बघायला सांगितलं होतं. जमलं तर गल्लीचं काम तिचं. नाही जमलं, तर पुण्याच्या एका कंपनीनं देऊ केलेली नोकरी तिनं घ्यायची, असं बापलेकीत ठरलेलं. शनिवारी त्यांचा फोन येणार होता. दाजी भोपाळ सोडणार नव्हते, ते त्यांनी केव्हाच सांगून टाकलं होतं. म्हणजे गल्ली हातची गेली की ही पुण्याला आणि म्हातारा एकटा या घरात. मी बॅग उघडायच्या आधीच मला हे सगळं कळलं, आणि आणलेली भडंगाची पिशवी तशीच हातात राहिली.

जवाहर चौक

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पदर खोचून शेडमध्ये उभी. वृंदा फोनवर होती आणि ड्रायव्हर इमरतलाल माल भरत होता. अगदी मनमिळाऊ माणूस, पण त्यानं हलक्या गाद्या तळाला ठेवल्या आणि भांड्यांच्या पेट्या दाराशी. माझा जीव वरखाली व्हायला लागला. "अरे बाबा, जड खाली, हल्का ऊपर! तुम लोगोंको कोई शिकाया नहीं क्या?" मी सगळं उपसून पुन्हा भरायला लावलं. इमरतलाल 'जी मौसीजी, जी मौसीजी' करत राहिला. मला वाटलं, बघा, आमच्या हाताला वळण आहे ते.

गल्लीत पोचलो तर पहिलंच दुकान भांड्यांचं. पेट्या कुठं? तळाला. त्यांच्यावर गाद्या, गाद्यांवर उशांचे गठ्ठे. सगळं रस्त्यावर काढावं लागलं. आमचा ट्रक एका गावी जाऊन एकदाच रिकामा होतो. इथं दर दहा पावलांवर थोडं थोडं उतरवायचं, तर पहिल्याचं शेवटी भरायला नको का? गल्लीतल्या एका कुत्र्यानं नव्याकोऱ्या गादीवर ताणून दिली. वृंदानं ओरडण्याऐवजी माझ्या हातात उशा ठेवल्या, हीच तिची मोठी मेहेरबानी. मी आपली उशा हातात घेऊन रस्त्यात उभी, लग्नाच्या वऱ्हाडातून चुकल्यासारखी.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दुकानं बंद! आमच्याकडं आठाला बाजार जागा होतो. भोपाळचा बाजार अकराच्या आत डोळे उघडत नाही, आणि त्याची त्याला बिलकुल लाज नाही. सुरुवातीचे दोन दिवस दुकानदार जांभया देत माल घ्यायला आले होते म्हणे. आज एकही नाही. तिन्ही गाड्यांचा माल तसाच पडून, समोर कुलपांची रांग. वृंदा एकेकाला फोन लावत होती. गादी-रजईवाले मुन्नेमियां म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, गल्ली त्यांचं ऐकते. त्यांनी फोन उचलला. इतका मोठा आवाज की मलाही ऐकू आला.

"को खां, सुबे छै बजे कौन उठता हे? आ रिये हें, आ रिये हें, तुम चाय पियो!"

'को खां' म्हणजे इथलं 'काय राव'. आले ते अकरालाच. तोवर बाकीच्या गल्ल्यांचे लोडर, रिक्षा, हातगाड्या सगळे येऊन एकमेकांत घुसलेले. ज्या गर्दीवर औषध म्हणून वृंदा आली होती, त्या गर्दीत तिच्याच तीन गाड्यांची भर पडली. एक बाई स्कूटरवरून ओरडली, "ये लोडर किसका हे भई?" वृंदानं मान खाली घातली. मला त्या बाईचा असा राग आला की काय सांगू. पण बाईचं काय चुकलं होतं?

बरखेडा

त्या दुपारी दाजी मला बरखेड्याला घेऊन गेले. अक्काचा संसार तिथंच झाला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. रुंद रस्ते, कडुनिंबाची झाडं, सगळी घरं एका नमुन्याची. क्वार्टरमध्ये आता कुणी दुसरे राहतात. अक्कानं लावलेलं पेरूचं झाड बाहेरूनच पाहिलं. त्याला पेरू लगडले होते आणि खाली एक अनोळखी मुलगी झोके घेत होती. मला रडू आलं. दाजींनी लगेच मला जवळच्या हॉटेलात नेलं. दुःखावर जेवण हा या गावचा उपाय दिसतो.

दालबाफले मागवले. बाफला म्हणजे आधी उकडलेला, मग भाजलेला कणकेचा गोळा. तो फोडून वरून तूप ओततात, आणि ओततात म्हणजे ओततातच. मी तिखटाला चटावलेली, दुसरी मिरची मागितली तर वाढणारा म्हणाला, "अम्माजी, पेट में आग लगानी हे क्या?" आमच्याकडं वाढप्यानं असं विचारलं असतं तर भांडण झालं असतं. इथं मी हसले. हे गाव बोलतंच असं लाडानं, की रागवायला फट सापडत नाही.

जेवून झाल्यावर दाजी म्हणाले, "तुला खरं सांगू? वृंदानं पुण्याला जावं. तू सांगितलंस तर ऐकेल."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगितलं तर तिला वाटेल मी रुसून बोलतोय. माझ्यासाठी ती इथं अडकून पडली तर मला घास गोड लागणार नाही गं. मी काय, राहीन. कुकर लावता येतो मला."

कुकर लावता येतो! अक्का असती तर तिथंच बोलली असती. मी म्हणाले, "दाजी, आठवडा संपू दे." ते बडीशेप चघळायला लागले. दाजींच्या शर्टाचं मधलं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, ते मला त्या वेळी दिसलं. त्यांनी स्वतःच लावलं असणार.

मुन्नेमियांच्या गादीवर

वृंदानं मार्ग काढला: दुकानदार उठत नाहीत ना, न उठोत. दुकानाची एक किल्ली तिच्याकडं द्यायची. पहाटे तिची माणसं कुलूप उघडून माल आत ठेवतील, कुलूप लावून जातील. अकराला मालक येतो तेव्हा माल आत हजर. मला तर हे इतकं पटलं की वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी मुन्नेमियांच्या दुकानात बैठक बसली. गाद्यांवरच सगळे मांडी घालून. वृंदा रात्रभर तयारी करून आली होती. तिनं लॅपटॉप उघडला आणि सांगायला लागली. प्रत्येक ड्रायव्हरची पोलिसांकडून चौकशी झाली आहे. लोडरमध्ये कॅमेरा बसवेन. कुलूप उघडल्याचा फोटो लगेच तुमच्या फोनवर येईल. एक टाचणी जरी हरवली तरी भरपाई माझी.

जसजशी ती बोलत गेली, तसतसे समोरचे चेहरे मिटत गेले. शेजारचे कागद-वह्यांचे व्यापारी जैनसाहेब, मघाशी स्वतः मला पाणी देणारे, आता पंख्याकडं बघत होते. शेवटी मुन्नेमियां हळू आवाजात म्हणाले, "बिटिया, चोरी की बात किसने की?"

"नहीं चाचा, मैं तो सिर्फ़ गारंटी—"

"हमने तुमको चोर समझा? या तुमने हमको शक्की समझा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जैनसाहेब उठले, "चलो भई, ग्राहक खड़े हैं," म्हणून निघून गेले. किल्ली कुणीच दिली नाही. का दिली नाही तेही कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी प्रेमानं पान मात्र खाऊ घातलं.

परतताना लोडरमध्ये वृंदा पुढं बघत म्हणाली, "मावशी, संपून गेलं." मी तिच्यावर चिडले. "संपून गेलं काय! दोन दिवस आहेत अजून. तोंड पुस आधी." चिडले म्हणून बरं झालं, नाही तर मीच रडले असते.

एक रजई घ्यायला

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता एकटीच जवाहर चौकात गेले. रजई घ्यायची आहे असं स्वतःला सांगितलं. इचलकरंजीत रजई कशाला लागते, देव जाणे. अकराच्या जरा आधी पोचले आणि समोरच्या ओट्यावर बसून राहिले.

मुन्नेमियांचा थोरला मुलगा आधी आला. चांगला चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. तो पायरीवर बसला. दुकानातला जुना कामगार आला, तोही बसला. कुलपाला कुणी हात लावेना. मग मुन्नेमियां स्कूटरवरून आले, खिशातून किल्ली काढली, चप्पल पायरीखाली सोडली, शटरवर तळहात टेकून ओठांत काही पुटपुटले आणि मग शटर वर गेलं. शेजारी जैनसाहेबांनी उंबऱ्यावर पाण्याचा शिपका मारला, उदबत्ती ओवाळली आणि स्वतःच्या हातानं शटर उचललं. त्या गल्लीत ओळीनं हेच. देव वेगवेगळे, रीत एकच. पोटच्या पोराला जी किल्ली दिली नाही, ती आमच्या पोरीनं कॅमेऱ्याच्या जोरावर मागितली होती!

मला माझे सासरे आठवले. तापानं फणफणले होते तरी रिक्षात घालून ऑफिसचं कुलूप उघडायला आले होते. बरकतीचा हात दुसऱ्याचा लावायचा नसतो, म्हणायचे. आणि त्या घरात जन्म काढून मला कालच्या बैठकीत हे सुचू नये!

मी तडक मुन्नेमियांपुढं जाऊन बसले. माझं हिंदी कोल्हापूरच्या पाण्यातलं, पण बोलले. "मियांजी, दुकान का पहला हाथ मालिक का, ये मेरे को अब समझा. लेकिन एक बात बताव. बाज़ार बंद रहता है, मोर्चा-बिर्चा, तब तुम लोग क्या करते? हमारे उधर तो आधा शटर करके माल बेचते."

मुन्नेमियां मिशीत हसले. "इधर भी वोई हे आपा."

"तब कोई पूछा कि दुकान खुली क्या, तो क्या बोलते?"

"बोलते हें बंद हे. ऊपर तक नईं उठा तो खुली काहे की?"

"तो बस! हमारी बच्ची आधा ही उठायेगी. माल अंदर सरका देगी. दुकान तो सोई रही ना? खोलना तुम, अकरा बजे, अपने हाथ से!"

मुन्नेमियां मग एकदम इतक्या मोठ्यानं हसले की जैनसाहेब धावत आले. त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत, विचारात पडले. "आधा मतलब कितना?"

आणि मग काय सांगायचं! गल्ली जमली. कुणी म्हणे गुडघ्यापर्यंत, तर भांडीवाला म्हणे मग माझी पेटी आत जाणार कशी. कुणी म्हणे छातीपर्यंत, तर बाकीचे ओरडले, छातीपर्यंत गेलं म्हणजे उघडलंच की! हायकोर्टात चालणार नाही इतकी बारकाईची चर्चा, मधे दोनदा चहा. शेवटी जैनसाहेबांनी निवाडा दिला. कमरेपर्यंत. "कमर तक दुकान सोई हुई मानी जाएगी. उससे ऊपर गई तो जाग गई." कमर कुणाची यावर पुन्हा वाद होणार तेवढ्यात मुन्नेमियांनी मला उभं केलं आणि माझ्याच कमरेशी शटरच्या बाजूच्या उभ्या पट्टीवर लाल रंगाची रेघ मारली. जवाहर चौकातल्या त्या गल्लीत दर दुकानाला ती रेघ आहे. जाल तेव्हा बघा, उंची माझी आहे.

किल्ल्या दिल्या, पण अट एकच घातली. आधी एक दिवस करून बघायचं. अकराला दुकान उघडताना मालकाच्या मनाला खटकलं, तर किल्ली परत.

शनिवार

पहाटे दाजीही लोडरमध्ये येऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. "घरी बसून काय करू," म्हणाले. गल्ली निजलेली, झाडूवाल्या बायका तेवढ्या जाग्या. इमरतलालनं या वेळी माल कसा भरलाय ते मी पाहिलंसुद्धा नाही, तोंड बंद ठेवून बसले. वृंदा प्रत्येक दुकानापुढं चप्पल काढायची, कुलूप उघडायची, लाल रेघेपर्यंत शटर उचलून थांबायची. वाकून, रांगत, एकेक नग आत सरकवायचा. चप्पल काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. इमरतलालचं डोकं दोनदा आपटलं. दाजी आपले गुडघे विसरून उकिडवे बसले आणि आतून गठ्ठे ओढून घेत राहिले. "बाबा, तुम्ही राहू द्या," ती म्हणायची. "तू तुझं बघ," ते म्हणायचे. गल्ली पूर्ण झाली तेव्हा रस्ता अजून मोकळा होता. रिकामे लोडर निघून गेले. मग मात्र अकरापर्यंत वाट बघणं नशिबी आलं. पोहे समोर ठेवले तर वृंदानं ते दाजींपुढं सरकवले.

मुन्नेमियां आले. रोजच्यासारखी चप्पल सोडली, तळहात टेकला, पुटपुटले. शटर वर गेलं. आत गाद्या, रजया नीट रचून ठेवलेल्या. ते आत गेले, उभे राहिले, छताकडं पाहिलं, नाकानं श्वास घेतला. आम्ही रस्त्यात तसेच. वृंदानं किल्ली हातात काढूनच ठेवली होती. ती पुढं झाली आणि त्यांच्यापुढं धरली.

मुन्नेमियांनी तिची मूठ तिच्याच बोटांनी मिटवली. "रख अपने पास. मेरी दुकान तो सोती मिली मुझे." मग मागं वळून जैनसाहेबांना ओरडून विचारलं, "को खां, तुम्हारी?"

"एकदम गहरी नींद में!"

वृंदानं तोंडावर हात घेतला आणि तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याचा. तिला बोलता येईना, तिनं फोन तसाच वर धरला. मी घेणार तोच दाजींनी घेतला. मला बरखेड्यातलं त्यांचं बोलणं आठवलं. आता हे गृहस्थ लेकीला पुण्याला पाठवून मोकळे होतात की काय!

"नमस्कार," दाजी आपल्या स्वच्छ मराठीत म्हणाले. "वृंदा कामावर आहे. नाही, तुमच्या नाही, तिच्या. मी तिचा बाप बोलतोय." मग पायरीवरच्या वृंदाकडं पाहिलं. "ती येणार नाही. आणि साहेब, खरं सांगू का, मला ती इथंच हवी आहे."

फोन खिशात टाकून ते वृंदाशेजारी पायरीवर बसले. मुन्नेमियांनी आतून एक नवी गादी आणून रस्त्याच्या कडेला अंथरली आणि दोघांना त्यावर बसायला लावलं.